पगार, शिष्यवृत्ती किंवा अनुदान थेट बँक खात्यात जमा करून घेण्यासाठी काय करावे

नोकरीचा पगार असो, मुलीची शिष्यवृत्ती असो किंवा सरकारी योजनेचा हप्ता असो, पैसे थेट खात्यात जमा व्हावेत म्हणून कोणताही अर्ज भरण्यापूर्वी एक गोष्ट विचारून घ्यावी: पैसे खाते क्रमांकावर येणार आहेत की आधार क्रमांकावर? या दोन वाटा पूर्णपणे वेगळ्या आहेत. त्यांची कागदपत्रे वेगळी, त्यांत होणाऱ्या चुका वेगळ्या आणि त्या चुकांवरचे उपायही वेगळे. पासबुक बरोबर आहे, आधार कार्डाची प्रत दिलेली आहे आणि तरीही पैसे आलेले नाहीत, अशी तक्रार घेऊन शाखेत येणाऱ्यांची अडचण पुष्कळदा एवढीच असते की, पैसे एका वाटेने येणार होते आणि त्यांनी तयारी दुसऱ्या वाटेची केली होती.

खाते क्रमांकावर येणारे पैसे

खासगी नोकरीतला पगार साधारणपणे या वाटेने येतो. कार्यालयातील लेखा विभाग आपल्याकडून बँकेत नोंदलेले नाव, खाते क्रमांक, शाखा आणि आयएफएससी कोड मागतो, आणि पुरावा म्हणून रद्द केलेला चेक किंवा पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत जोडायला सांगतो. चेक रद्द करताना त्यावर दोन तिरप्या रेषा मारून मध्ये ठळक अक्षरांत ‘रद्द’ असे लिहावे, मात्र खाली सही करू नये आणि छापील आकड्यांवर रेघ जाऊ देऊ नये. आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे स्थान नेहमी शून्याचे आणि शेवटची सहा स्थाने शाखेची असतात. हे पाचवे स्थान इंग्रजी ‘ओ’ समजून लिहिले जाते, ती चूक टाळावी. चेकच्या तळाशी असलेला नऊ आकड्यांचा एमआयसीआर क्रमांक वेगळा असतो. मुंबईत तो ४०० ने सुरू होतो, म्हणून पिनकोडशी त्याचा घोळ होऊ शकतो.

या वाटेवर खरे महत्त्व खाते क्रमांकाचे आहे, नावाचे नाही. एनईएफटीने, म्हणजे एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पैसे पाठवण्याच्या प्रणालीने, आलेली रक्कम बँक खाते क्रमांकाच्या आधारे जमा करते, त्यामुळे एक आकडा चुकला आणि योगायोगाने तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा असला, तर पैसे त्या व्यक्तीच्या खात्यात जाऊ शकतात. पैसे पाठवण्यापूर्वी समोरच्या खातेदाराचे नाव पाहता यावे, अशी सोय बँकांनी एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला होता. तरीही पगाराची यादी कार्यालयाकडून एकगठ्ठा जाते, म्हणून त्या सोयीवर विसंबून राहू नये. क्रमांक लिहून झाल्यावर आकडे मोजावेत. स्टेट बँकेचा खाते क्रमांक अकरा आकडी असतो आणि बँक ऑफ बडोदाचा चौदा आकडी. स्टेट बँकेच्या काही कागदांवर क्रमांकाच्या आधी शून्ये छापलेली असतात, ती गोंधळात टाकतात. काही कार्यालये आधी एक रुपया पाठवून खाते तपासतात. आपले कार्यालय तसे करत नसेल तर तशी विनंती अवश्य करावी, कारण पहिला पगार भलत्या खात्यात गेल्यावर तो परत मिळवण्याचा त्रास फार मोठा असतो.

जुने पासबुक वापरणाऱ्या मुंबईकरांनी एक गोष्ट विशेष तपासावी. देना बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली. १ एप्रिल २०२० रोजी आंध्र बँक व कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेली. देना बँकेचे जुने आयएफएससी कोड तर १ मार्च २०२१ पासून बंदच झाले. कपाटातले पासबुक त्या काळातले असेल तर त्यावरचा कोड कुठेही देऊ नये. शाखेत जाऊन नवीन पासबुक छापून घ्यावे आणि मगच अर्ज भरावा.

चाळीतल्या किंवा वस्तीतल्या पतसंस्थेत बचत असणे चांगलेच, पण पतसंस्था ही बँक नव्हे, म्हणून पगारासाठी बँकेचेच खाते द्यावे. सहकारी बँकेचे खाते मात्र चालते, फक्त त्या शाखेला आयएफएससी कोड आहे ना, हे विचारून घ्यावे. टपाल खात्यात दोन प्रकारची खाती असतात, टपाल कार्यालयाचे बचत खाते आणि इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते. दोन्ही एकाच खिडकीवर उघडली जात असली तरी त्यांचे कोड वेगळे आहेत, तेव्हा आपले खाते कोणते हे नक्की करूनच कोड लिहावा.

घरकाम करणाऱ्या, स्वयंपाकाच्या किंवा रुग्णसेवेच्या कामावर जाणाऱ्या महिलांनाही याच पद्धतीने पगार मिळू शकतो, आणि तो तसा मिळावा असे मला मनापासून वाटते. ज्यांच्या घरी काम आहे त्यांनी आपल्या बँकेच्या ॲपमध्ये दरमहा ठरावीक तारखेला रक्कम आपोआप जाईल अशी स्थायी सूचना एकदा नोंदवली की पुरते. बाईंच्या पासबुकात दर महिन्याला नोंद पडते, आणि पुढे कर्ज किंवा घरभाड्याच्या करारासाठी उत्पन्न दाखवायची वेळ आली तर हीच नोंद कामी येते. खाते मात्र त्यांच्या स्वतःच्या नावाचे असावे, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाचे नव्हे.

पगाराची तारीख रविवारी आली म्हणून आता थांबावे लागत नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालू आहे, आणि मोठ्या आस्थापना ज्या नॅच प्रणालीतून पगार पाठवतात तीही १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशी चालते.

आधार क्रमांकावर येणारे पैसे

सरकारी लाभ थेट खात्यात देण्याची योजना १ जानेवारी २०१३ रोजी सुरू झाली. स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान असो किंवा मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये असोत, अशा अनेक लाभांसाठी लाभार्थ्याचे खाते आधारशी जोडलेले असावे लागते. इथे सर्वाधिक गैरसमज होतो तो ‘आधार बँकेत दिले आहे’ या वाक्यामुळे. खाते उघडताना ओळखीचा पुरावा म्हणून आधार देणे ही एक गोष्ट झाली. सरकारी पैसे याच बँकेत यावेत अशी नोंद करून घेणे ही दुसरी गोष्ट, आणि तिला बँकेत ‘आधार सीडिंग’ म्हणतात. पहिली झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. तिच्यासाठी वेगळी संमती द्यावी लागते.

ही नोंद नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे असते. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या या संस्थेच्या यादीत आपल्या आधार क्रमांकासमोर फक्त एका बँकेचे नाव असते, खाते क्रमांक नसतो. पैसे आधी त्या बँकेकडे जातात, आणि मग बँक आपल्या नोंदीनुसार आधारशी जोडलेल्या खात्यात ते जमा करते. म्हणून योजनेच्या अर्जावर आपण कोणताही खाते क्रमांक लिहिला, तरी आधारावर येणारे पैसे त्या यादीतल्या बँकेतच जातात. यादीत एका वेळी एकच बँक राहते आणि सर्वांत शेवटी केलेले सीडिंग ग्राह्य धरले जाते. मोबाइलच्या दुकानात किंवा एखाद्या शिबिरात घाईने नवे खाते उघडताना संमतीच्या चौकटीवर खूण झाली, तर अनुदानाची वाट बदलते आणि खातेदाराला त्याचा पत्ताही लागत नाही. २०१७ साली गॅसचे अनुदान अशा प्रकारे ग्राहकांच्या नकळत एका पेमेंट्स बँकेतील (ठेवी घेणारी पण कर्ज न देणारी बँक) खात्यांत वळल्याचे उघड झाले होते आणि आधार प्राधिकरणाने त्यावर कारवाईही केली होती.

तेव्हा सुरुवात तपासणीपासून करावी. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहता येते. तिथे बँकेचे नाव आणि नोंद चालू आहे की बंद, हे दिसते. ओटीपी येण्यासाठी मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला असावा लागतो. तो नसेल किंवा बदलला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन ते काम उरकावे. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत टपाल खात्याचे पोस्टमनही ही सेवा देतात, आणि घराबाहेर पडू न शकणाऱ्या वृद्धांसाठी हा मार्ग सोयीचा आहे.

यादीत हवी ती बँक नसेल, तर ज्या बँकेत पैसे हवेत तिच्या शाखेत मूळ आधार कार्ड, त्याची प्रत आणि पासबुक घेऊन जावे. ‘आधार लिंक करा’ एवढेच सांगितले तर कर्मचारी केवळ ओळखपुराव्याची नोंद करण्याची शक्यता असते, म्हणून ‘सरकारी लाभासाठी सीडिंग करायचे आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. संमतिपत्रात आधी दुसऱ्या बँकेत सीडिंग असल्यास तिचे नाव लिहिण्याची जागा असते, ती रिकामी सोडू नये. अर्जाची पोच शिक्का व तारखेसह मागून घ्यावी. काही दिवसांनी संकेतस्थळावर पुन्हा पाहावे, आणि नवीन बँकेचे नाव दिसेपर्यंत काम झाले असे समजू नये.

विवाहित महिलांच्या बाबतीत नावाचा प्रश्न वारंवार येतो. पासबुकावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, किंवा याच्या उलट असते, आणि बँक अर्ज परत करते. कोणते नाव पुढे ठेवायचे हा निर्णय सर्वस्वी त्या महिलेचा आहे, पण एकदा ठरले की दोन्हीकडे तेच नाव अक्षरशः सारखे करून घ्यावे. त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत ठेवावे.

खाते चालू स्थितीत आहे का, हेही पाहावे. दोन वर्षे खातेदाराने व्यवहारच केला नाही तर खाते निष्क्रिय ठरते. ते पुन्हा चालू करण्यासाठी बँकेला शुल्क घेता येत नाही, पण केवायसीची, म्हणजे ओळख व पत्त्याची, कागदपत्रे पुन्हा द्यावी लागतात. पेमेंट्स बँकेच्या खात्यात दिवसअखेर दोन लाख रुपयांपेक्षा जास्त शिल्लक ठेवता येत नाही. पुरेशा कागदपत्रांविना उघडलेल्या ‘लहान खात्यात’ वर्षभरात एकूण एक लाखापर्यंतच रक्कम जमा होऊ शकते, त्यामुळे पगारासाठी असे खाते देऊ नये.

पैसे आले नाहीत तर

पगाराच्या बाबतीत लेखा विभागाकडून व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या एका व्यवहाराचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मागावा. तो हाती असला की बँकेला रक्कम कुठे आहे हे शोधता येते. सरकारी लाभाच्या बाबतीत आधी योजनेच्या संकेतस्थळावर रक्कम पाठवल्याची नोंद आहे का ते पाहावे. पाठवलेली असेल तर यादीतल्या बँकेत जाऊन पासबुक भरून घ्यावे, कारण पैसे अनेकदा विसरलेल्या जुन्या खात्यात पडून असतात.

या काळात कोणी फोन करून ‘अडकलेले पैसे सोडवतो’ म्हणत ओटीपी किंवा यूपीआय पिन मागितला, तर फोन ताबडतोब ठेवावा. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे.

बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे निःशुल्क तक्रार करता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. तक्रारीसोबत बँकेला दिलेल्या अर्जाची शिक्का असलेली पोच, पासबुकाच्या संबंधित पानांची प्रत आणि सीडिंगची स्थिती दाखवणाऱ्या पानाची छापील प्रत जोडावी.