नाशकात नवीन आहात? आधी दवाखाना ठरवा

अंबड-सातपूरला नोकरी लागली की आपली खानदेशातली मंडळी सिडकोत खोली बघतात, मग गॅस, मग पोरांची शाळा. डॉक्टर शोधायचा तो पोराला रात्री ताप चढल्यावर. अशा वेळी जी मोठी पाटी दिसेल तिथं माणूस शिरतो. मी जळगावहून येऊन इथं मुरलो, तेव्हा हक्कानं सांगतो: चालत जाता येईल असा एकट्या डॉक्टरचा छोटा दवाखाना पहिल्या महिन्यातच ठरवून टाका.

छोटा म्हणजे एक गाळा, टेबल, तपासायचा पलंग, बाहेर बाकडं आणि फार तर एक कंपाउंडर. मशीनचे हप्ते नाहीत, भरायच्या खाटा नाहीत, त्यामुळे तुम्हाला उगाच ॲडमिट करून त्याला काही मिळायचं नाही. खर्च कमी म्हणून थोड्या पेशंटांवरही भागतं आणि बोलायला वेळ उरतो. अमेरिकेत रॉचेस्टरला डॉ. गॉर्डन मूर यांनी २००१ मध्ये एका खोलीत, हाताखाली माणूस न ठेवता असाच दवाखाना काढला. फोन स्वतः घ्यायचे, आजच्या पेशंटला आजच बघायचे. तिकडे त्याचं केवढं कौतुक झालं! आपल्या गल्लीतला डॉक्टर वर्षानुवर्षं तेच करतोय, त्याला कोण विचारतं?

पण छोटा म्हणजे चांगलाच, असं समजू नका. थकवा म्हटलं की सलाईन लावणारे आणि बिननावाच्या सुट्या गोळ्या पुडीत बांधून देणारेही गाळ्यातच बसतात. म्हणून धडधाकट असताना नुसतं बीपी दाखवायला जा. आधी ऐकतो की आधी लिहायला घेतो, ते बघा. चिठ्ठीवर औषधांची नावं वाचता येतात का, नोंदणी क्रमांक छापलाय का? एमबीबीएस की बीएएमएस (आयुर्वेद) की बीएचएमएस (होमिओपॅथी), हे सरळ विचारा; चांगला डॉक्टर चिडत नाही. ‘डॉक्टर, तुम्ही गावाला गेलात तर पेशंट कोण बघतं?’ हेही विचारा. सगळ्यात मोठी खूण लॅबची. ‘कुठूनही रक्त तपासा’ म्हणणारा आपला. एकाच लॅबचा हट्ट धरणाऱ्याचं कट प्रॅक्टिसचं, म्हणजे लॅबकडून कमिशन घ्यायचं, गणित असू शकतं. चौकशी शेजारच्या आजीबाईंकडे करा, मेडिकलवाल्याकडे नको. त्याचं डॉक्टरशी साटंलोटं असतं कधीकधी.

पगार महिना २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय या कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्यासाठी त्यातून पाऊण टक्का कापला जातो. कार्ड काढून घ्या, सातपूरला त्यांचं हॉस्पिटल आहे. मोठ्या खर्चाला ते, रोजच्या खोकल्या-तापाला गल्लीतला. मेडिक्लेम असला तरी या डॉक्टरची फी सहसा खिशातूनच जाते.

छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, अपघात झाला, तर या दवाखान्याच्या पायऱ्या चढूच नका. १०८ लावा. त्र्यंबक रोडला सिव्हिल आहे, नाशिकरोडकरांना बिटको.

अशा दवाखान्यात कागद जपले जातीलच असं नाही. गावाकडची जुनी फाईल घेऊन या आणि इथली प्रत्येक चिठ्ठी, रिपोर्ट त्यातच लावा. संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर बाकडं भरलेलं असतं, निवांत बोलायचं तर सकाळी जा. रविवारी किती वाजेपर्यंत उघडं असतं, तेही आत्ताच विचारून ठेवा.