घर कोल्हापुरात, आपण परगावी: भाड्याने देण्याआधी आणि दिल्यावर

घर भाड्याने द्यायचं म्हटलं की सगळे आधी भाडं किती येईल ते विचारतात. परगावी राहणाऱ्याने त्याआधी एक गोष्ट पक्की करावी: रात्री अकराला पाइप फुटला तर तिथे कोण पोचणार?

मी बंगळूरला असते. माझा दोन बेडरूमचा फ्लॅट राजेंद्रनगरला, शिवाजी विद्यापीठापासून जवळ, दुसऱ्या मजल्यावर. आजवर भाडेकरू आले-गेले, घर नीट राहिलं ते मामांमुळे. मामा म्हणजे आमच्या अपार्टमेंटचं प्लंबिंग बघणारे. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम त्यांच्या खात्यावर जाते, काम निघो न निघो. "भाऊ आहे की तिथं, तो बघंल," असं बहुतेक जण म्हणतात. भाऊ बघतोही. पण त्याचं दुकान असतं, पोरांच्या परीक्षा असतात, आणि तिसऱ्या वेळेला फोन करताना आपल्यालाच अवघडतं. पैसे घेणाऱ्या माणसाला हक्काने सांगता येतं, आणि भावाशी नातं गोड राहतं. तेव्हा भाडेकरू शोधण्याआधी हा माणूस शोधा. वॉचमन, प्लंबर, खालच्या मजल्यावरच्या काकू, कोणीही चालेल; चालत येण्याच्या अंतरावरचा हवा.

आता करार. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केली की झालं, असं एजंटसुद्धा बिनदिक्कत सांगतात. ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही आणि उद्या वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरू सांगेल ते आधी धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम आपलं. शिवाय शिक्षेची तरतूद आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खर्च म्हणाल तर घाबरण्यासारखा नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का. समजा भाडं १२,००० आणि डिपॉझिट ३०,००० आहे. अकरा महिन्यांचं भाडं १,३२,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज २,७५०. या बेरजेवर पाव टक्का म्हणजे साडेतीनशेच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामपंचायत हद्दीत ५००. हा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी देणारा, असेल तर तो ऑनलाइन नोंदवता येतो आणि दोघांनी एका जागी येण्याची गरज नसते. माझा थंब, म्हणजे अंगठ्याचा ठसा, बंगळूरच्या घरी होतो, भाडेकरूचा कोल्हापुरात. या नोंदणीचा खरा उपयोग मुदत संपल्यावर कळतो. कोणी घर सोडत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, जाता येतं आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. लाइट-पाणी तोडून माणूस बाहेर काढायला जाऊ नका. त्याला कायद्याची मनाई आहे आणि माणुसकीचीही.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची असते. तेही महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून होतं, ठाण्यात खेटे घालावे लागत नाहीत. सोसायटी असेल तर कराराची प्रत सेक्रेटरींना द्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जादा आकार लावते, पण तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. पावती बघून घ्या.

भाडेकरू कोण घ्यावा? आमच्या भागात विद्यापीठाचे विद्यार्थी, बदलीवर आलेले बँकवाले, सीपीआर रुग्णालयाचे डॉक्टर आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी करणारे येतात. चौकशी जून-जुलैत सगळ्यात जास्त. मी दोन गोष्टी तपासते: नोकरीचा किंवा प्रवेशाचा कागद, आणि आधीच्या मालकाशी फोनवर बोलणं. जात विचारत नाही, एजंटलाही विचारू देत नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या पोरांसाठी बोर्डिंगं उभी केली, त्या गावात शिकायला आलेल्या मुलीला आडनाव ऐकून दारातून परत पाठवायचं, हे मला सहन होत नाही. मटणावर बंदी तर कोल्हापुरात कोणी घालूच नये.

किल्ली देताना घाई नको. व्हिडिओ कॉल चालू ठेवून मामा आणि भाडेकरू मिळून घरभर फिरतात. प्रत्येक नळ उघडून बंद करायचा, फ्लश ओढायचा, गीझर पाच मिनिटं चालवून हाताला पाणी गरम लागतंय का बघायचं. मीटरचा फोटो असा काढायचा की आकडा आणि मीटर नंबर दोन्ही वाचता आले पाहिजेत. मागच्या बेडरूमच्या भिंतीला ओल आहे. तिच्या कडेने मामा पेन्सिलने बारीक रेघ ओढतात आणि शेजारी तारीख लिहितात. ऑगस्टमध्ये ओल रेघेच्या बाहेर गेली की नाही, हे फोटोत एका नजरेत कळतं, आणि "हे आधीपासूनच होतं" यावर वाद उरत नाही. सगळे फोटो त्याच दिवशी भाडेकरूला पाठवा आणि "बरोबर आहे" एवढं उत्तर मागून घ्या.

लाइटबिल आपल्या नावावर असतं, त्यामुळे महावितरणच्या ॲपवर आपलाच मोबाइल नंबर नोंदवा. भाडेकरूने बिल भरलं का हे त्याला न विचारता कळतं. आणखी एक गोष्ट कळते: युनिट. दोघांच्या घरात युनिट अचानक दुपटीने वाढले तर गीझर बिघडलाय, नाहीतर घरात माणसं वाढलीत. दोन्हींत एक फोन करावाच लागतो. घरफाळा (मालमत्ता कर) आणि पाणीपट्टी मात्र मी स्वतः भरते. घरफाळा आपण भरला तर तो प्राप्तिकरात भाड्यातून वजा होतो, आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. घर परदेशस्थाच्या नावावर असेल तर भाडेकरूने दर महिन्याला ३० टक्के आणि वर उपकर असा टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच कापायचा प्राप्तिकर, कापायचा असतो, आणि भाडं एनआरओ खात्यात (परदेशस्थाच्या भारतातल्या कमाईसाठीचं बँक खातं) जमा करायचं असतं. हे करार करण्याआधीच भाडेकरूला सांगा आणि सीएकडून समजून घ्या.

दुरुस्तीचं धोरण लेखी ठेवा. आमचं असं आहे: १,००० रुपयांपर्यंतचं काम भाडेकरूने मला न विचारता करून घ्यायचं, बिलाचा फोटो पाठवायचा, पुढच्या भाड्यातून वजा. त्यावरचं काम मामा बघून सांगणार. वायसर गेलेल्या नळासाठी बाईमाणसाने चार दिवस मालकाच्या होकाराची वाट बघायची, हे बरोबर नाही. बल्ब, ट्यूब त्यांच्याकडे. पाइप, वायरिंग, गळती आपल्याकडे.

पावसाळा हा वेगळा विषय. मे महिन्यात गच्चीवरचे पाणी जाणारे पाइप साफ झालेच पाहिजेत, त्याचा फोटो आल्याशिवाय मी मामांना सोडत नाही. आणि पूर. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, म्हणजे गाडी काढून जाऊ म्हटलं तरी जाता येत नव्हतं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, दुधाळी, रमणमळा, नागाळा पार्कचा काही भाग इथे घर असेल तर भाडेकरूला पाणी कुठवर आलं होतं ते आधी खरं सांगा, भिंतीवर दाखवा. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. मी ३९ ला फोन करते, ४३ ची वाट बघत नाही. घर उंचावर असलं तरी सुटका नसते, कारण त्या दोन्ही पुरांत शहराला पाणी देणारे बालिंगा-शिंगणापूरचे पंप पाण्यात गेले आणि नळाला पाणी नव्हतं. म्हणून टाकी भरून ठेवायला सांगायची, टँकरवाल्याचा नंबर द्यायचा आणि मोटरचा स्विच बंद करून घ्यायचा.

घर सोडताना तोच व्हिडिओ कॉल, तेच फोटो समोर धरून. शेवटचं लाइटबिल मीटरच्या आकड्यावरून हिशेब करून घ्या. रंग उडाला, खिळ्याची भोकं पडली, यासाठी पैसे कापू नका. राहत्या घरात एवढं होणारच. मोडलेल्या वस्तूचे कापा, बिल दाखवून. बाकीचं डिपॉझिट किल्ली मामांच्या हातात पडली की त्याच दिवशी पाठवा. नवीन घराचं डिपॉझिट त्या कुटुंबाला त्याच आठवड्यात भरायचं असतं.