अप-डाऊनवाल्यांचे फोटो काढताय? या चुका टाळा

नागपूर-वर्धा रोज ये-जा करणाऱ्यांवर फोटो-मालिका करायची म्हणून नवीन मंडळी स्टेशनवर येतात आणि लांब लेन्स लावून पादचारी पुलावर उभी राहतात. गर्दी मिळते, माणूस मिळत नाही. उन्हाळ्यात तर तापलेल्या रुळांवरची हवा थरथरते आणि दूरचा चेहरा पाण्याखाली असल्यासारखा येतो. यात लेन्सचा दोष नसतो. कितीही वेळा फोकस केला तरी ते सुधारत नाही. 28 किंवा 35 मिमीची, जवळूनही पुष्कळ काही टिपणारी लेन्स लावा, तिकीट काढा आणि डब्यात बसा. सावनेरच्या दगडातली 1925 ची नागपूर स्टेशनची इमारत देखणी आहे, पण पासवाला तिच्याकडे मान वर करूनही पाहत नाही. त्याची नजर घड्याळावर असते.

एकदाच जाऊन येणे ही सगळ्यात मोठी चूक. पहिल्या दिवशी सगळा डबा कॅमेऱ्याकडे बघतो. माझ्या पहिल्या आठवड्यातल्या फोटोंत सगळे ताठ बसलेले आहेत. एका काकांनी विचारलेच, "काऊन भाऊ, पेपरात देऊन रायले का?" मी काय करतोय ते नीट सांगितले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा फोटो छापून नेऊन दिला. तिसऱ्या आठवड्यात तेच माझ्यासाठी जागा धरू लागले. बुटीबोरी मागे पडली की ते जेवणाचा डबा उघडत, झाकणावर ठेचा काढत आणि भाकरीचा चतकोर मोडून समोरच्यापुढे करत, बोलणे न थांबवता. तो हात, ते झाकण, समोरच्याची आपसूक पुढे आलेली बोटे: हा फोटो मी दोन फुटांवरून काढला आणि कोणी वर पाहिलेही नाही. त्यासाठी त्याच गाडीने, त्याच डब्यातून, रोज जावे लागते.

चेहरा ओळखू येत असेल तर फोटो दाखवा आणि विचारा. नको म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा. झोपलेल्या बाईचा फोटो काढू नये, असे माझे ठाम मत आहे. महिलांच्या डब्यात पुरुषाने कॅमेरा घेऊन शिरायचेच नाही. तिथली मालिका एखाद्या मैत्रिणीने करावी.

आता तांत्रिक अडचणी. खिडकीजवळचा चेहरा काळा पडतो, कारण कॅमेरा बाहेरच्या उजेडावरून हिशोब करतो. उजेडाची मोजणी चेहऱ्यावर करा, बाहेरचे पांढरे झाले तर होऊ द्या. सकाळी वर्ध्याकडे जाताना ऊन डावीकडच्या खिडक्यांतून येते. तुम्हीच त्या बाजूला, खिडकीकडे पाठ करून बसलात तर समोरच्यांच्या अंगावर छान उजेड पडतो आणि गजांच्या सावल्याही मिळतात.

फोटो हलतात, कारण डबा हलतो. शटरचा वेग 1/250 सेकंदाच्या खाली नेऊ नका, कोपर अंगाला चिकटवा, त्यासाठी आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची कॅमेऱ्याची संवेदनशीलता, 3200 करावा लागला तरी चालेल. दाणेदार फोटो चालतो, हललेले डोळे चालत नाहीत. फ्लॅश मात्र बंदच ठेवा. रात्री प्लॅटफॉर्मवरच्या दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे आले तर मूक (आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा आणि वेग 1/100 किंवा 1/50 ठेवा. आपल्याकडच्या विजेवर हे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. मोबाईलवरही प्रो मोडमध्ये हे जमते.

दारात लटकून किंवा रुळांत उतरून फोटो काढू नका. रेल्वे कायद्याने तो गुन्हा आहे, आणि जिवाशी खेळ तर आहेच. व्यावसायिक काम असेल तर रेल्वेची रीतसर परवानगी आधी घ्या.

शेवटची चूक घरी होते: फोटो साठवले जातात, नोंद राहून जाते. तारीख, गाडी, कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये, माणूस कुठे चढला आणि कशासाठी निघाला, हे त्याच रात्री लिहा. नागपूर-नागभीडची अरुंद रुळांवरची छोटी गाडी 2019 मध्ये बंद झाली. तिच्या डब्यातला एक फोटो माझ्याकडे आहे. मांडीवरच्या टोपलीवर दोन्ही हात ठेवून एक आजी बसल्या आहेत, टोपलीवर ओला कपडा. त्या उमरेडला चढल्या होत्या की भिवापूरला, आणि टोपलीत काय होते, हे मी तेव्हा लिहून ठेवले नाही.