षट्कोनापासून सुरुवात

पुण्यात एम.एस्सी. करून मी निरूपण सिद्धान्ताकडे (बैजिक रचनांचा सदिश अवकाशांच्या मदतीने अभ्यास करणाऱ्या शाखेकडे) वळलो, तेव्हा मॉड्यूल म्हणजे बीजगणिताची क्रिया ज्यावर होते असा सदिश अवकाश आणि अविघटनीय मॉड्यूल म्हणजे ज्याची दोन शून्येतर मॉड्यूलांच्या सरळ बेरजेत फोड होत नाही असे शून्येतर मॉड्यूल, एवढेच मला ठाऊक होते. नव्याने येणाऱ्याने शोधनिबंध उघडण्याआधी पेन्सिल हाती घ्यावी, असे माझे मत आहे, कारण इथे काही मॉड्यूले चित्रातल्या रेषांवरून मोजता येतात.

षट्कोनाच्या शिरोबिंदूंना १ ते ६ क्रमांक द्या आणि १ पासून निघणारे तिन्ही कर्ण काढा. प्रत्येक कर्णासाठी एक बिंदू आणि एकाच त्रिकोणात येणाऱ्या दोन कर्णांमध्ये एक बाण, असे केले की तीन बिंदूंचा सरळ क्विव्हर, म्हणजे बाणांनी जोडलेल्या बिंदूंचा आलेख, मिळतो. (क्विव्हरचा शब्दशः अर्थ बाणांचा भाता, ‘भाता’ हा शब्द मराठीत रुळायला हवा होता.) षट्कोनाचे कर्ण ९, त्यांतले ३ वापरले, ६ उरले. २–४ हा कर्ण केवळ १–३ ला छेदतो, २–५ हा १–३ आणि १–४ ला, तर २–६ तिघांनाही. उरलेल्या प्रत्येक कर्णाला एक मॉड्यूल द्या: तो ज्या कर्णाला छेदतो त्याच्या बिंदूवर एकमितीय अवकाश, अन्यत्र शून्य. गाब्रिएल यांच्या १९७२ च्या प्रमेयानुसार या क्विव्हरची अविघटनीय मॉड्यूलेही नेमकी ६ आहेत. फर्ग्युसन रस्त्यावर चहाच्या बिलामागे हे मोजून जुळले, तेव्हा कुठे विषय माझा झाला.

पुढे जेंटल बीजगणितांकडे (क्विव्हरमधल्या बाणांचे ठरावीक गुणाकार शून्य मानून मिळणाऱ्या एका प्रकारच्या बीजगणितांकडे) जाताना मी घसरलो. कंकणाकृती पृष्ठभागाच्या दोन्ही कडांवर एकेक बिंदू घेऊन त्याचे तसेच त्रिकोण पाडले की दोन समांतर बाणांचा क्रोनेकर क्विव्हर मिळतो. एका चर्चासत्रात हे चित्र काढून मी ठामपणे लिहिले, ‘प्रत्येक वक्राला एक मॉड्यूल.’ मागच्या बाकावरून सरांनी विचारले, “आणि लॅम्डा कुठे ठेवलात?” टोके कडांवर असलेल्या वक्रांना स्ट्रिंग मॉड्यूले (बाणांच्या उघड्या साखळीवरून बनणारी) मिळतात हे खरे, परंतु कंकणाला वेढणाऱ्या बंद वक्राला, क्षेत्र बैजिकदृष्ट्या संवृत असताना (म्हणजे स्थिर नसलेल्या प्रत्येक बहुपदीला त्यात मूळ असताना), प्रत्येक शून्येतर अदिश (हाच सरांचा लॅम्डा) आणि प्रत्येक नैसर्गिक संख्या यांच्या जोडीमागे एक बँड मॉड्यूल (बंद साखळीवरून बनणारे) मिळते. जॉर्डन रूप, म्हणजे आयगेनमूल्ये आणि ठोकळ्यांचे आकार दाखवणारे मॅट्रिक्सचे प्रमाणित रूप, पक्के असते तर ही चूक झाली नसती. म्हणून होमोटोपीइतकीच (एक वक्र सलग सरकवत दुसऱ्यात बदलण्याच्या कल्पनेइतकीच) तीही उजळणी आधी करावी.

त्यानंतर त्याच षट्कोनात १–३, ३–५ आणि ५–१ हे कर्ण घ्या. उरलेले कर्ण पुन्हा ६, मात्र तिघांनाही छेदणारा एकही नाही, कारण आता बाण चक्राकार आहेत आणि लागोपाठच्या कोणत्याही दोन बाणांचा गुणाकार शून्य आहे.