ठाण्यातील मध्ययुगीन खापरांची तपासणी कशी करावी

उत्तर कोकणच्या शिलाहार राजांचे श्रीस्थानक, म्हणजे आजचे ठाणे, खाडीकाठचे बंदर असल्यामुळे येथील थरांत स्थानिक मडक्यांच्या शेजारी समुद्रापलीकडून आलेल्या चकाकीदार (काचेसारखा लेप असलेल्या) भांड्यांचे तुकडेही आढळू शकतात. म्हणून तपासणीचा पहिला प्रश्न असा ठेवावा: हे खापर इथल्या मातीचे आहे का? खड्डा आणि थर यांची नोंद असलेलीच खापरे तपासायला घ्यावीत. इमारतीच्या पायातून उचललेल्या बेवारस तुकड्यावर कितीही महागडे उपकरण चालवले, तरी त्यावरून थराविषयी काहीही सिद्ध होत नाही.

धुण्यापूर्वीच काही तुकडे वेगळे काढावेत. तेल किंवा चरबीच्या अवशेषांसाठी ठेवायचे तुकडे न धुता, प्लॅस्टिकऐवजी अॅल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळावेत. उष्मादीप्ती कालमापनासाठीचे (तुकडा तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून वय ठरवण्यासाठीचे) तुकडे उत्खननातच उन्हापासून झाकून काळ्या पिशवीत घालावेत आणि त्यांच्याभोवतीची मातीही सोबत घ्यावी, कारण तुकड्याला मिळालेल्या किरणोत्साराचा काही भाग आसपासच्या सुमारे ३० सेंटिमीटर मातीतून आलेला असतो. उरलेली खापरे साध्या पाण्याने, मऊ ब्रशने धुऊन सावलीत वाळवावीत. खाडीच्या खारट मातीतील तुकडे पाणी बदलत भिजवून ठेवावेत, नाहीतर वाळताना मीठ स्फटिक होऊन चकाकीचे पापुद्रे उडतात. पावसाळ्यात दमट खापर पिशवीत बंद करू नये, बुरशी धरते.

यानंतरचे काम स्वस्त असले तरी सर्वांत मोलाचे आहे. पकडीने कडेचा बारीक तुकडा तोडावा आणि ताज्या भेगेकडे १० पट भिंगातून पाहावे. काळसर, मळकट खडे बहुधा बेसॉल्टचे असतात. ठाण्याचा परिसर दख्खनच्या ट्रॅप, म्हणजे बेसॉल्टच्याच, खडकावर असल्याने ते स्थानिकतेला अनुकूल ठरतात, पण पुरावा होत नाहीत, कारण हाच खडक महाराष्ट्राच्या मोठ्या भागात आहे. चमचमणारे पांढरे अभ्रकाचे पापुद्रे भरपूर दिसले तर मात्र थांबावे. बेसॉल्टच्या मातीत असे अभ्रक अपेक्षित नसते, त्यामुळे माती ग्रॅनाइट किंवा रूपांतरित खडकाच्या प्रदेशातून आल्याचा संशय घ्यावा. भेगेच्या मधोमध काळी पट्टी असेल, तर भाजणीच्या वेळी मातीतील सेंद्रिय द्रव्य पूर्ण जळले नव्हते, एवढेच म्हणावे. त्यावरून कुंभार कच्चा होता असे ठरवू नये.

संशयित तुकड्यांचे ३० मायक्रॉन जाडीचे पातळ छेद करून ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत. येथे एक फसवणूक ध्यानात ठेवावी: साष्टी बेटावर, मनोरी-गोराईकडे, ट्रॅकाइट आणि ऱ्हायोलाइट हे पोटॅशियमयुक्त फेल्डस्पार असणारे खडक आहेत. त्यामुळे छेदात हे खनिज दिसले म्हणजे भांडे परदेशी, असा निष्कर्ष घाईचा ठरतो.

हाती धरण्याचे क्ष-किरण प्रतिदीप्ती (एक्सआरएफ) यंत्र, म्हणजे क्ष-किरण टाकून मूलद्रव्ये ओळखणारे उपकरण, शेवटी वापरावे. लोह, टायटॅनियम, शिसे आणि तांबे ते चटकन सांगते; सोडियम मात्र विश्वासार्हपणे मोजत नाही. म्हणून निळसर-हिरव्या चकाकीत तांबे सापडले आणि शिसे नाममात्र निघाले, तर ती क्षारीय (शिशाऐवजी सोडियमसारख्या क्षाराने वितळवलेली) चकाकी असावी, असा अंदाजच मांडावा व सोडियमची खात्री इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या विश्लेषणाने करून घ्यावी. पश्चिम आशियातून येणाऱ्या फिरोजी भांड्यांसाठी ही पडताळणी विशेष महत्त्वाची आहे. मोजणी चकाकीच्या तुटलेल्या, स्वच्छ कडेवर घ्यावी. पृष्ठभागावर मातीतले क्षार साचलेले असतात.

शक्य असल्यास खाडीकाठच्या मातीच्या छोट्या वड्या ६००, ७००, ८०० आणि ९०० अंश सेल्सिअसला भाजून त्यांचेही छेद करावेत. आपल्या खापरांशी तुलना करायला हा संच हाताशी असला, की स्थानिक मातीच्या भाजणीचा अंदाज पुस्तकातल्या तक्त्यांवर सोडावा लागत नाही.