जुन्या सागवानी फर्निचरला पॉलिश करताय? या चुका टाळा

जुनं टेबल अंगणात काढलं की पहिला हात जातो पॉलिश पेपरकडे, आणि बहुतेक कामं तिथेच बिघडतात. जुन्या सागाचा तो मधाळ तपकिरी रंग फक्त वरच्या थरात असतो. तो खरवडून काढलात की खाली कालच वखारीतून आणल्यासारखं फिकट लाकूड उरतं.

आधी वरचं पॉलिश कशाचं आहे ते बघा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टेबलाच्या पायाच्या मागच्या बाजूला अर्धा मिनिट दाबून धरा. बोळा चिकटला, तपकिरी झाला, तर ती लाख. आजी-आजोबांच्या काळच्या सामानावर बहुधा हीच सापडते. ती स्पिरिटच्या चिंधीने पुसून निघते, घासावी लागतच नाही. स्पिरिटने काहीच झालं नाही पण थिनरने थर मऊ पडला, तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तरच पेपर हातात घ्या: आधी 120 नंबरचा, मग 180, मग 220 (नंबर वाढला की पेपर बारीक), आणि कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. आडवे ओरखडे कोरड्या लाकडावर दिसत नाहीत, पॉलिशचा पहिला हात बसला की सगळे उठून दिसतात. फळीची कडही बघून घ्या. वरच्या रेषा कडेवर उतरत नसतील तर ते व्हिनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, असू शकतं, आणि ते पेपरच्या थोड्याच घासण्यात फाटू शकतं.

जुना ऑइल पेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असण्याची शक्यता असते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ मुलांच्या घरात नकोच. कॉस्टिक सोडाही नको. त्याने साग काळा पडतो आणि सांध्यातला सरस सुटतो.

खुर्ची डगमगते म्हणून खिळा ठोकणं ही मला सर्वांत जास्त खुपणारी चूक. लाकूड तडकतं आणि सांधा ढिलाच राहतो. जुना सरस गरम पाण्याच्या फडक्याने मऊ होतो. तो पूर्ण खरवडा, लाकूड वाळू द्या, मग फेविकॉल लावून सांधा बसवा आणि सुंभाने आवळून, काठीने पीळ देऊन एक दिवस हलवू नका. जुन्या सरसावर नवा गोंद धरत नाही.

आता पावसाळा. गौरी-गणपतीच्या आधी पाट चकाचक व्हावेत म्हणून मी एकदा भर ऑगस्टमध्ये लाखेचे हात मारले. तासाभरात सगळ्या पाटांवर ताक सांडल्यासारखा पांढरा धुरकट थर आला. हवेतला ओलावा पॉलिशमध्ये अडकला होता. घाबरून सगळं काढून टाकू नका. कोरड्या, उन्हाच्या दिवशी स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा हलक्या हाताने एकदाच फिरवा, बहुतेक वेळा ढग निघून जातो.

पॉलिश दोन दिवसांनीही चिकट असेल तर बाटली जुनी आहे. लाख विरघळवून सहा महिने ठेवली की ती नीट वाळेनाशी होते. ताजी करा: एक लिटर स्पिरिटला 120 ते 150 ग्रॅम चपडा लाख (पातळ पापुद्र्यांच्या रूपात मिळणारी लाख), रात्रभर भिजवून, गाळून. हात पातळ द्या.

बारीक भोकांखाली रोज ताजी पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे, आधी तिचा बंदोबस्त करा. आणि जवसाचं तेल वापरलंत तर चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. पाण्यात बुडवा, नाहीतर बाहेर एकेक पसरून वाळवा.