सांगली-मिरजेत कमी पगारात खोली शोधताय? या चुका टाळा

मार्केट यार्डातला हमाल, कुपवाड एमआयडीसीतला हेल्पर, मिरजेच्या दवाखान्यात आयाचं काम करणारी बाई, जतकडून कामासाठी आलेलं चौघांचं कुटुंब. या सगळ्यांना खोली हवी असते ती तीन ते पाच हजारांत. अशा खोल्या आहेत, पण त्या मोबाईलवरच्या जाहिरातींत फारशा सापडत नाहीत. सापडली की माणूस घाईनं ॲडव्हान्स देऊन मोकळा होतो आणि चार महिन्यांत पुन्हा टेम्पो बोलावतो. गरिबाला खोली महाग पडते ती भाड्यानं कमी आणि अशा सारख्या बदलाबदलीनं जास्त. खालच्या बहुतेक चुका त्यातूनच येतात.

नुसतं भाडं विचारणं

"भाडं किती?" हा प्रश्न अर्धाच आहे. समजा, कुपवाडच्या कारखान्यात काम आहे आणि लांबच्या प्लॉटावर तीन हजारांत खोली मिळाली. नवरा-बायको दोघं कामाला. वडापला, म्हणजे माणशी पैसे घेणाऱ्या जीप-रिक्षाला, एका वेळचे माणशी वीस रुपये धरले तर रोजचे ऐंशी, महिन्याच्या सव्वीस दिवसांचे २,०८० झाले. म्हणजे ती खोली पाच हजारांवर गेली. कामापासून चालत जाण्याजोगी साडेचार हजारांची खोली मग स्वस्तच म्हणायची, शिवाय रात्रपाळी सुटल्यावर वाहनासाठी ताटकळावं लागत नाही.

लाईटचंही तसंच. महावितरणचं स्वतंत्र मीटर आहे की मालकानं स्वतःच्या मीटरवरून खोलीपुरता लावलेला सब-मीटर, हे आधी विचारा. महावितरणचा घरगुती दर पहिल्या शंभर युनिटांना सगळ्यांत कमी असतो, १०१ ते ३०० ला वाढतो, पुढे आणखी वाढतो. एकाच मीटरवर चार खोल्या असल्या की एकूण वापर वरच्या टप्प्यात जातो आणि पंखा, दोन दिवे नि टीव्ही वापरणाऱ्यालाही त्याच चढ्या दरानं पैसे भरावे लागतात. युनिटमागे किती घेणार, हे बोलून ठेवा आणि राहायला जाता त्या दिवशी सब-मीटरच्या आकड्याचा फोटो काढा.

पाण्यासाठी खोली बघायला दुपारी जाऊ नका, नळ येतो त्या वेळी जा. मालक सांगेल "पाण्याचा काही त्रास नाही". शेजारच्या बायका खरं सांगतात: एप्रिल-मेमध्ये बोअर आटते का, एका संडासाला किती घरं आहेत, टाकीची मोटर कोण चालू करतं.

किती फुटाला पाणी येतं, हे न विचारणं

सांगलीत ही चूक सगळ्यांत महागात पडते, आणि बाहेरगावाहून आलेली माणसंच ती करतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. पण सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड अशा सखल भागांत पाणी शिरायला ४५ ची वाट बघावी लागत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ हे तीन मोठे पूर गावानं पाहिलेत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. म्हणूनच जुना सांगलीकर विचारतो, "तुमच्याकडं किती फुटाला पाणी येतं?" म्हणजे पुलाजवळ नदी किती फुटांवर गेली की तुमच्या दारात पाणी शिरतं, आणि ज्याला त्याला आपल्या उंबऱ्याचा आकडा पाठ असतो.

तुम्हीही तेच विचारा, पण मालकाला नको. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. खोलीतही खुणा दिसतात. रंग छातीइतक्या उंचीपर्यंत वेगळा आहे का? दाराची चौकट खालून फुगलीय का? लाईटचं बोर्ड डोक्याच्याही वर नेऊन बसवलंय का? अशी खोली घ्यायचीच नाही असं नाही. भाडं कमी असतं, आणि कित्येकांना नाइलाजानं तिथंच राहावं लागतं. पण घेतलीच तर वरच्या मजल्यावरची घ्या. ती मिळत नसेल तर गॅस, गाद्या, कागदपत्रं कुठे हलवायची, हे जूनमध्येच ठरवा.

नदीपासून लांब आहे म्हणून निश्चिंतही राहू नका. शामरावनगरसारख्या गुंठेवारी भागात, म्हणजे शेतजमिनीचे गुंठा-गुंठ्याचे तुकडे पाडून वसलेल्या वस्तीत, नदीचं पाणी न येताही पावसाचं साचतं, आणि काळ्या मातीत ते लवकर जिरत नाही. तिथली खोली जानेवारीत बघून पसंत करणं म्हणजे अर्धीच बघणं.

"कागद-बिगद कशाला, आपलीच माणसं आहात"

हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. मालक वाईट असतो असं नव्हे, बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, स्टॅम्प पेपरवर नोटरी केली की झालं, असा समज घट्ट बसलाय. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. तो नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि न नोंदवल्यास शिक्षाही त्यालाच. शिवाय करार नोंदवलेला नसताना वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. ही गोष्ट भांडणाच्या सुरात नको, पण मालकाला जरूर सांगा. बऱ्याच वेळा तेवढ्यानं काम होतं.

खर्चही वाटतो तेवढा नाही. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे चार हजार भाडं आणि पंधरा हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांसाठी शे-दोनशेच्या घरात. ऑनलाईन करून देणारा माणूस त्याची फी वेगळी घेतो. आधार आणि अंगठा दोघांचा लागतो. खर्च निम्मा-निम्मा करा.

हा कागद घर राखायला लागतो तेवढाच इतर कामांनाही लागतो. आरटीईतून, म्हणजे खासगी शाळेतल्या मोफत राखीव जागेवर, मुलाचा प्रवेश करायचा तर भाडेकरूला पत्त्यासाठी नोंदणीकृत करारच दाखवावा लागतो, नोटरीचा चालत नाही. पुरानंतर पंचनामा करायला तलाठी आले की "आम्ही इथंच राहत होतो" हे नुसतं तोंडानं सांगून भागत नाही.

डिपॉझिटबद्दल मोबाईलवर एक मजकूर फिरत असतो: नवा कायदा आलाय, दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. तो नियम २०२१ च्या केंद्राच्या आदर्श भाडे कायद्यातला आहे. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. त्या मजकुराच्या भरवशावर मालकाशी वाद घालाल तर हातची खोली जाईल.

"भाडं नको, दोन लाख ठेवा" अशा हेवी डिपॉझिटच्या भानगडीत पडू नका. तुमचे दोन लाख मालकानं बऱ्याचदा कुठल्या तरी कर्जात भरलेले असतात. सोडताना तो पुढच्या भाडेकरूचे पैसे येईपर्यंत थांबायला लावतो.

चुकीच्या जागी शोधणं

विश्रामबागेत वालचंद आणि विलिंग्डन ही कॉलेजं, मिरजेत दवाखाने आणि मेडिकल कॉलेज. तिथला मालक कुटुंबाला खोली देण्याऐवजी तीन विद्यार्थ्यांना कॉटवर, म्हणजे खाटेमागे पैसे घेऊन, देतो, कारण त्यात जास्त सुटतात. जून-जुलैत तर विचारायलाच नको. कुटुंबानं तिथं चपला झिजवण्यापेक्षा आपल्या कामाच्या जागेभोवती विचारावं. हमालांची टोळी, बचत गटातल्या बायका, पिठाची गिरणी, इस्त्रीवाला यांना कुठली खोली रिकामी होणार ते आधी कळतं. ओळखीच्यानं शब्द टाकला की मालकही नरम येतो. आडनाव विचारून "देऊन टाकली कालच" म्हणणारे मालक आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांच्या मागे लागून दिवस घालवू नका.

ऑनलाईन फोटो बघून टोकन पाठवू नका. "मी सैन्यात आहे, बदली झालीय, क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे परत येतील" ही जुनी फसवणूक अजून चालते. पैसे मिळायला स्कॅन करावं लागत नाही. गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा.

सरकारी योजनेतलं घरकुल स्वस्तात मिळालं तरी विचार करा. लाभार्थ्याला ते भाड्यानं द्यायची परवानगी नसते. तपासणी आली की तो "पाहुणे आहेत" म्हणतो आणि तुम्हाला रातोरात निघावं लागतं.

खोली घेतलीय आणि आता अडचण आलीय

मालक पावती देत नाही: कायद्यानं ती द्यावीच लागते. तरीही देत नसेल तर भाडं यूपीआयनं द्या आणि शेऱ्यात "जूनचं भाडं" असं लिहा. रोखच मागत असेल तर साध्या वहीत तारखेसह सही घ्या.

भांडण झालं आणि पाणी किंवा लाईट तोडली: भाडेकरूची अत्यावश्यक सेवा मालकाला अशी तोडता येत नाही. फोटो काढा, लेखी तक्रार द्या आणि भाडं मात्र थकवू नका. थकबाकी दिसली की तुमची बाजू लंगडी पडते.

मुदत संपली आणि मालकाला खोली परत हवी: इथं हट्ट करू नका. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे वर सांगितलेल्या अकरा महिन्यांसारख्या कराराची, मुदत संपल्यावर खोली सोडली नाही, तर भाड्याच्या दुप्पट रक्कम भरायची वेळ येऊ शकते. मुदतीच्या दोन महिने आधीच वाढवणार का ते विचारा.

डिपॉझिट अडकलंय: एक महिना आधी लेखी कळवा आणि त्याची पोच ठेवा. किल्ली देताना मालकासमोर खोलीचे फोटो काढा, पहिल्या दिवशीचे काढलेले असतील तर ते शेजारी ठेवून दाखवा. शेवटच्या महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करायला मालक तयार असेल तर ते लिहून घ्या. तरीही पैसे मिळाले नाहीत तर विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. म्हणून घरातल्या बाईचं नाव करारात असेल तर अर्ज तिच्या नावानं करा. जाताना करार, भाड्याच्या नोंदी आणि मालकाला कळवल्याची पोच एवढं बरोबर घ्या.